औषधाचा कडता

लातूरच्या आडत बाजारात तूर, हरभरा किंवा सोयाबीनची गाडी रिकामी करून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या कानावर भावाच्या आधी एक शब्द पडत आला आहे, तो म्हणजे कडता. माल ओला आहे, त्यात माती आहे, पोत्याचे वजन धरायचे आहे, अशा काही ना काही सबबीवर वजनातून जो अंश हिशेब सुरू होण्यापूर्वीच वजा होतो आणि ज्याचा मोबदला कोणालाच मिळत नाही, तो कडता. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली, त्यानंतर थोड्याच वर्षांत सोळा रस्ते जिथे एकत्र येतात ती गंजगोलाई उभी राहिली, आणि बालाघाटाच्या पठारावरचे धान्य या गावात ज्या ओघाने येऊ लागले त्याच ओघाने बाजाराचे हे शब्दही रयतेच्या बोलण्यात मुरले. हैदराबाद संस्थानाने १३३९ फसली साली, म्हणजे १९३० च्या सुमारास, कृषी बाजाराचा कायदा केला तो वजनमापे आणि अशा मनमानी कपाती यांना काही नियम लागावा याच हेतूने. पुढे महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा झाला, कडत्याविरुद्ध शेतकऱ्यांनी वेळोवेळी आंदोलने केली, आणि निदान इतके साध्य झाले की ही कपात कोण करतो, किती करतो आणि कशासाठी करतो, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे ही गोष्ट सर्वमान्य झाली.

विम्याच्या व्यवहारातही याच जातीची एक रक्कम असते. विमेदाराच्या नुकसानीचा पहिला भाग विमेदाराने स्वतः सोसावयाचा आणि त्यापुढचा विमा कंपनीने द्यावयाचा, अशी ती योजना. मराठी पत्रकांत ‘वजावट’ या मोघम शब्दाने तिची बोळवण होते, परंतु नांदेड-लातूरच्या माणसाला ती क्षणात समजावून द्यायची असेल तर कडता या शब्दाला पर्याय नाही. वृद्धांच्या आणि अपंगांच्या औषधखर्चाचा कडता या प्रदेशात कोणी, केव्हा आणि कसा भरला, हे पाहावे असे पुष्कळ दिवस माझ्या मनात होते. कारण धान्यातल्या कडत्याचा हिशेब येथे शंभर वर्षे मागितला गेला, औषधातल्या कडत्याचा मात्र फारसा कोणी मागितला नाही.

या कल्पनेचे मूळ समुद्रावर आहे. लंडनच्या लॉइड्सच्या विमापत्राला १७४९ साली जी टीप जोडण्यात आली, तिच्यात धान्य, मासे, मीठ, फळे, पीठ आणि बियाणे यांची नासाडी सर्वसाधारणपणे विम्याबाहेर ठेवण्यात आली. साखर, तंबाखू, ताग, कातडी यांचे नुकसान शेकडा ५ च्या आत असेल तर, आणि इतर मालाचे शेकडा ३ च्या आत असेल तर, विमा उतरवणाऱ्याने काही देणे लागत नाही असे ठरले. कारण उघड होते. जो माल आपल्या स्वभावानेच थोडाथोडा नासतो, त्याच्या त्या नित्य नासाडीची भरपाई करीत बसणे म्हणजे विमा नव्हे, असे त्या व्यापाऱ्यांचे म्हणणे होते, आणि जहाजावरच्या मालापुरते ते न्याय्यही होते. परंतु हीच युक्ती जेव्हा मनुष्यदेहाला लागू झाली तेव्हा तिचे रूप पालटले. कारण म्हातारा देह हाही स्वभावानेच झिजणारा, आणि त्याची रोजची झीज भरून काढणारी गोळी ही कधीतरी उद्भवणारी आपत्ती नसून दर महिन्याचा ठरलेला खर्च. जो खर्च निश्चित आहे त्याचा पहिला भाग रोग्यावर टाकणे म्हणजे त्याला सावधगिरी शिकवणे नव्हे, त्याच्याकडून औषधाची किंमत वसूल करणे होय.

अमेरिकेत ही गोष्ट उघड्या कायद्याने घडली, म्हणून तिचा दाखला घेणे सोयीचे. तेथील वृद्धांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, १९७३ पासून दीर्घकाळ अपंग असलेल्या तरुण माणसांनाही प्रवेश मिळाला. परंतु घरी घ्यावयाच्या औषधांची तरतूद तिच्यात आली ती डिसेंबर २००३ च्या कायद्याने, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ जानेवारी २००६ रोजी. पहिल्या वर्षीच्या प्रमाणभूत योजनेत कडता होता २५० डॉलरचा. २०२६ साली तो जास्तीत जास्त ६१५ डॉलरपर्यंत गेला आहे. दर जानेवारीला तो नव्याने उभा राहतो, म्हणजे डिसेंबरात ज्या गोळ्या थोडक्या पैशांत मिळाल्या त्याच गोळ्यांसाठी नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात पूर्ण दाम मोजावे लागतात. २०२२ च्या कायद्याने वर्षभराच्या एकूण खर्चाला मर्यादा घातली आणि इन्सुलिनवरचा कडता काढून टाकला, हे त्या देशाने उशिरा का होईना केलेले शहाणपणाचे काम. तिकडे स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आपल्याकडचे आईबाप सामानात भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांशेजारी सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवी भरतात, त्याचे कारणही हेच आहे: पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात जुने दुखणे सहसा मोजले जात नाही, आणि जे मोजले जाते त्यालाही आधी कडता असतो.

आपल्याकडची हकीकत याहून जुनी आहे आणि वेगळी आहे. गोदाकाठच्या गावांत औषधपाण्याचा व्यवहार रोकडीवर चालत नसे. तुंबडी लावणारा, गळू कापणारा न्हावी हा बलुतेदार. त्याचे बलुते सुगीच्या वेळी खळ्यावर मिळे, आणि वर्षात घरात एक गळू झाले की दहा झाली यावर ते अवलंबून नसे. आजच्या भाषेत बोलायचे तर हा वर्गणी आगाऊ घेतलेला आणि कडता नसलेला विमाच होता. वैद्य आणि हकीम बलुतेदारांत नसत, पण औषधाचे दाम मागणे हे हलकेपणाचे लक्षण अशी त्यांच्यापैकी पुष्कळांची समजूत असे, आणि बरा झालेला रोगी यथाशक्ती धान्य, वस्त्र किंवा गूळ नेऊन देई. या चित्राला एक काळी किनार आहे, आणि ती झाकून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. गावकुसाबाहेरच्या वस्तीला न्हाव्याचा हात लागत नसे. तेथल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला जो कडता येई तो रुपयांत नव्हे, जन्मात मोजलेला असे आणि तो भरून कधी संपतही नसे.

निजामी अमलात ‘दवाखाना’ हा शब्द सरकारी अर्थाने खेड्यांत पोचला. हैदराबादेत १८४६ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि तिच्यात पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाई, ही त्या काळच्या हिंदुस्थानात विरळा म्हणावी अशी गोष्ट. संस्थानाने युनानी आणि पाश्चात्त्य दोन्ही वैद्यकांचे दवाखाने चालवले. जिल्ह्यांतल्या सडका, शाळा आणि दवाखाने यांच्यासाठी जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा असा स्थानिक कर घेतला जाई. म्हणजे नांदेड किंवा औसा तालुक्यातला कुणबी महसूल भरताना दवाखान्याचाही एक वाटा भरीत होता. दवाखान्याच्या पायरीवर त्याच्याकडून निराळे दाम मागितले जात नव्हते ते सरकारच्या मेहेरबानीमुळे नव्हे, तर तो आधीच देऊन चुकला होता म्हणून. दवाखाने थोडे होते, अंतरे लांबची होती, बैलगाडीने रोगी नेता नेता रात्र उलटे, आणि त्या राजवटीचे इतर जुलूम मराठवाड्याने विसरण्याजोगे नाहीत. तरीही रंगीत मिश्रणाची बाटली घरून नेऊन भरून आणावयाची आणि चिठ्ठी घेऊन बाजारात जावयाचे नाही, ही रीत या मुलखाच्या अंगवळणी पडली ती तेव्हाच.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यानंतरच्या काही दशकांत वैद्यकीय सोयींची जी वाढ झाली तिच्यात सरकारचा हात होता तसा समाजाचाही. लातुरात १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि लातूर भागातल्या रोग्यांची रीघ तिकडे लागली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले, लातूरला २००२ मध्ये. इमारती वाढल्या, तज्ज्ञ आले, यंत्रे आली. आणि याच काळात केव्हातरी, कोणत्याही हुकुमावाचून, एक नवी रीत रूढ झाली. केस पेपर सरकारी, डॉक्टर सरकारी, खाट सरकारी, पण औषध ‘बाहेरचे’. सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर मेडिकलच्या दुकानांची जी ओळ असते ती या रीतीची साक्ष आहे. बाहेरून आणा, हे दोन शब्द इतक्या सहजपणे उच्चारले जातात की त्यांत कर भरून चुकलेल्या माणसाकडून दुसऱ्यांदा दाम घेतले जात आहेत, हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नसावे.

देशी औषधे या काळात स्वस्त झाली हे मान्य केलेच पाहिजे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाऐवजी केवळ कृतीलाच एकाधिकार ठेवला, किंमत नियंत्रणाचे आदेश निघाले, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या ज्या गोळ्या अन्यथा श्रीमंतांच्याच राहिल्या असत्या त्या गावोगावच्या दुकानांत आल्या. परंतु स्वस्त गोळी जन्मभर घ्यावयाची असेल, आणि एक नव्हे तर तीन-चार घ्यावयाच्या असतील, तर स्वस्ताईचाही बोजा होतो. २००८ साली सुरू झालेली जन औषधी दुकाने हा बोजा हलका करतात. ती प्रत्येक खेड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत एवढेच.

विमा या भागात आला तो मोठ्या दुखण्याचा कैवारी म्हणून. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम काढला तेव्हा रुग्णालयात किमान २४ तास दाखल झाल्याशिवाय पैसे नाहीत, ही त्याची मुख्य अट होती. मला ही अटही कडत्याचाच एक प्रकार वाटते. फक्त येथे वजावट रुपयांची नसून दुखण्याच्या आकाराची आहे. पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. लातूरसह उर्वरित महाराष्ट्र तिच्यात आला नोव्हेंबर २०१३ मध्ये. पिवळी, केशरी, अंत्योदय किंवा अन्नपूर्णा शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, मूत्रपिंड रोपणासाठी अडीच लाख. कुटुंबामागे ३३३ रुपये विम्याचा हप्ता सरकारने भरावयाचा. रोग्याने एक पैसाही आधी द्यावयाचा नाही. कडता नसलेली ही योजना होती, आणि हृदयाची शस्त्रक्रिया होऊन चालत घरी आलेली माणसे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पुढे दुष्काळाने गांजलेल्या १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले, त्यांत मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले, आणि २०२३ च्या निर्णयाने ती सर्व कुटुंबांना खुली होऊन मर्यादा पाच लाखांवर गेली.

या योजनेच्या कलमांत एक छोटे कलम होते, आणि माझ्या सर्व विचाराचा काटा त्याच्यापाशी येऊन थांबतो. रुग्णालयातून घरी पाठवल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधे योजनेतून मिळावयाची. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ही मुदत १५ दिवसांची आहे. काही थोड्या व्याधींसाठी पुढील तपासण्यांची व औषधांची निराळी तरतूद आहे, पण सर्वसाधारण नियम हाच. हृदयात जाळी बसवलेल्या माणसाला रक्त पातळ राखणारी गोळी महिनोन्‌महिने आणि दुसऱ्या काही गोळ्या मरेपर्यंत घ्यावयाच्या असतात. सरकारने लाखाचा खर्च पहिल्या रुपयापासून केला, आणि अकराव्या दिवशी सकाळी जी गोळी त्या लाखाचे रक्षण करणार, ती त्या माणसाच्या खिशावर सोपवली. अमेरिकेतल्या कडत्याला निदान वरची हद्द आहे. ६१५ डॉलर भरले की तो संपतो. आपल्याकडच्या रोजच्या गोळीवरच्या कडत्याला हद्दच नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, बावन्न गावे दुसरीकडे वसवावी लागली. जे दगडामातीच्या भिंतींखालून जिवंत निघाले त्यांच्यात पाठीचा कणा मोडलेले, पाय गमावलेले पुष्कळ होते, आणि त्या वेळी साऱ्या जगाने त्यांच्या उशाशी औषधे आणून ठेवली. आपत्तीचे दान मोठ्या मनाने येते पण त्याला मुदत असते. कण्याला इजा झालेल्या माणसाला मूत्रमार्गाची नळी, जखमेची मलमपट्टी, जंतुसंसर्गावरची औषधे वर्षानुवर्षे लागतात, आणि जग परत गेल्यावर ती आणावयाची कोठून, हा प्रश्न नव्या गावांतल्या एकसारख्या घरांच्या आत राहिला. स्वलीनता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. एक लाखाच्या तिच्या छत्रात, ठराविक मर्यादेत का होईना, दाखल न होता घेतलेली औषधेही येतात. आपल्या देशात रोजच्या औषधाला विम्याच्या कक्षेत जागा देणाऱ्या थोड्या योजनांपैकी ती एक. कण्याने अधू झालेला शेतकरी मात्र तिच्यात बसत नाही.

कडत्याचे समर्थक सांगतात की औषध फुकट झाले तर माणसे ते वाया घालवतील. या मताची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात घेतली. हजारो माणसांना निरनिराळ्या प्रमाणात स्वतःचा वाटा भरावयास लावून पाहिले, तेव्हा असे दिसले की वाटा भरावा लागला की माणसे निरुपयोगी उपचार जितके टाळतात तितकेच उपयुक्तही टाळतात. आणि गरिबांपैकी ज्यांना रक्तदाब होता त्यांचा रक्तदाब फुकट उपचारांत अधिक चांगला आटोक्यात राहिला. या प्रसिद्ध प्रयोगातून ६२ वर्षांवरची माणसे मुळातच वगळलेली होती. ज्यांच्यावर कडत्याचा भार सर्वांत अधिक, त्यांनाच तराजूत घातले नव्हते, आणि तरीही त्यांच्यासाठी योजना आखताना हाच प्रयोग कित्येकदा पुढे केला गेला.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले आणि सारा देश विष्णुपुरीच्या त्या रुग्णालयाकडे पाहू लागला. औषधांच्या टंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली आणि राज्याच्या औषधखरेदीची व्यवस्था न्यायालयासमोर आली. मृत्यूंच्या कारणांचा निवाडा करणे माझे काम नव्हे. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून नातेवाइकांचे जे बोल छापून आले, त्यांत ‘बाहेरून आणायला सांगितले’ हे वाक्य वारंवार होते, आणि मराठवाड्यातल्या कोणाही वाचकाला ते नवे वाटले नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार मोफत झाले होते. एक आणा कर भरून फुकट बाटली नेणाऱ्या कुणब्याचा हक्क कागदावर परत आला, असे म्हणता येईल.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मिळकतीचा विचार न करता, आयुष्मान भारतचे पाच लाखांचे छत्र मिळाले आहे. त्याही छत्राखाली यावयाचे तर रुग्णालयात दाखल व्हावे लागते. राज्याने त्याच वर्षी पासष्टीपुढच्या गरजूंना वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये देऊ केले. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०१९ पर्यंत महिन्याला ६०० रुपये होते, मग १,००० झाले, २०२३ पासून १,५०० आहे. आणि या दोन जिल्ह्यांतल्या असंख्य घरांत म्हातारपणाच्या औषधाचा खरा विमा तोच आहे, कारण ज्या दिवशी ती रक्कम बँकेत जमा होते त्याच्या दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या दुकानात गर्दी असते.

लातूर भागातल्या माझ्या परिचयाच्या एक वृद्ध बाई अशाच एका दिवशी गोळ्या घ्यावयास आल्या होत्या. त्यांचे यजमान आयुष्यभर आडतीवर माल घालणारे. घरात अजून जुन्या हिशेबपट्ट्या तारेत ओवून ठेवलेल्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीवर हमाली, तोलाई आणि वजनातली घट निरनिराळी मांडलेली आहे. बाईंनी दुकानदाराकडे रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या. त्याने दहा गोळ्यांची पट्टी पुढे ठेवली. त्यांनी हातातले पैसे मोजले, थोडा वेळ पट्टीकडे पाहिले आणि सहाच द्या म्हणाल्या. दुकानदाराने कात्री उचलली आणि सहा गोळ्यांपाशी पट्टी कापून उरलेल्या चार परत खणात ठेवल्या.